ऊन, वांग आणि वर्ण

आपल्या बायका काय वाचतात असा प्रश्न साहित्याच्या सभेत निघाला, की उत्तरं ठरलेली असतात. कादंबऱ्या, चरित्रं, आणि आमच्या समाजापुरतं बोलायचं तर पद्मपुराण, रत्नकरंड श्रावकाचार, एखाद्या माताजींच्या प्रवचनांचं पुस्तक. मला ही उत्तरं खरी वाटत नाहीत. बेळगावात, निपाणीत, चिकोडीत, घराघरांत मी जे बघत आले त्यावरून सांगते. नेमाने, शेवटच्या ओळीपर्यंत आणि शंका न घेता वाचला जाणारा मजकूर म्हणजे वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं सौंदर्याचं सदर, क्रीमच्या खोक्यावरची माहिती आणि वधू-वर परिचय पुस्तिका. या तिन्हींना लेखक असतो पण त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. समीक्षक तर नसतोच. कादंबरीत खोटं लिहिलं तर कुणी ना कुणी टीका करतं. इथं लिहिलेलं खोटं मात्र सरळ कुणाच्या तरी गालावर उमटतं. म्हणून या लिखाणाकडे समीक्षेच्या नजरेनं बघावं असं बरेच दिवस मनात होतं. विषय एकच घेते, ऊन आणि चेहऱ्याचा रंग.

आक्षेप आधीच सांगून टाकते. उन्हापासून जपणं ही एक गोष्ट. कातडीवर डाग पडण्याचे आजार ही निराळी गोष्ट. आणि जन्मानं मिळालेला रंग ही तर अगदीच निराळी. या मजकुरानं तिन्हींची एकच मोट बांधली आहे. त्यामुळे जिला आजार आहे ती रंगाचं औषध घेते, जिला काहीच झालेलं नाही ती आजारी असल्यासारखी वागते, आणि जी खरोखर दिवसभर उन्हात असते तिच्याशी हा मजकूर एक शब्द बोलत नाही.

सदरापासून सुरुवात करू. दरवर्षी शिमगा झाला की ते येतंच. पहिल्या परिच्छेदात छत्री, गॉगल, भरपूर पाणी, कलिंगड. इथवर तक्रार नाही. दुसऱ्या परिच्छेदात ‘टॅन’ हा शब्द येतो आणि तिथून लेखाची गाडी जी वळते ती वळतेच. ऊन मागे पडतं, रंग पुढे येतो. तिसऱ्या परिच्छेदात बेसन, हळद, दही आणि लिंबाचा रस. शेवटी ‘त्वचा उजळून निघेल’ हे वाक्य. मी अशी कात्रणं काही वर्षं जमवली होती. नावं बदलतात, फोटो बदलतात, लिंबू बदलत नाही.

आता हे लिंबूच घ्या. आपल्या लिंबाच्या रसात आणि सालीत अशी काही द्रव्यं असतात की ती कातडीवर राहिली आणि वर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते. एक-दोन दिवसांनी लाल होते, कधी फोड येतात, आणि मागे तपकिरी-काळा डाग राहतो तो आठवडेच्या आठवडे, कधी महिने जात नाही. उन्हाळ्यात लोणच्यासाठी किंवा सरबतासाठी ढीगभर लिंबं पिळून तशाच हातानं वाळवण घालायला गच्चीवर गेलेल्या बाईच्या हातावर असे डाग पडू शकतात. डॉक्टरांना हे नीट माहीत आहे, त्याला पुस्तकात नाव आहे. म्हणजे ऐन एप्रिलमध्ये, डाग घालवण्यासाठी म्हणून, हे सदर तोंडाला लावायला जे सांगतं त्यानं डाग पडतात. स्वयंपाकाच्या सदरात कुणी असली चूक केली असती तर पुढच्या आठवड्यात पत्रांचा पाऊस पडला असता.

मानेचंही तसंच. ‘मानेवरचा काळेपणा’ हा सदराचा आवडता विषय. उपाय म्हणून पुन्हा लिंबू, शिवाय साखर किंवा मीठ घेऊन चोळा, घासणीनं घासा. मान मागून काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर ती मळानं झालेली नसते, उन्हानंही नाही. बऱ्याच वेळा शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असते, विशेषतः वजन वाढलेलं असेल, पाळी अनियमित असेल तर. घासायचं नाही, साखर तपासायची. घासल्यानं उलट कातडी आणखी काळी पडते. नायलॉनच्या घासणीनं पाठ, दंड रोज खरवडणाऱ्या किती तरी बायकांना तिथं काळपट जाळी पडलेली असते आणि त्या ती घालवायला आणखी जोरात घासतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या मानेकडे बघून “नीट आंघोळ करत नाहीस की गं” म्हणणाऱ्या आया मी आमच्याच नात्यात ऐकल्यात. त्यांनी ते कुठं वाचलं असेल?

भाषेबद्दल थोडं. मराठीत ऊन लागलेल्या चेहऱ्याला ‘रापलेला’ म्हणत. आपल्या ग्रामीण कथांत शेतकरी बाप उन्हानं रापलेलाच असतो आणि तो शब्द त्याच्या बाजूनं उभा राहतो. कष्टाचा, मानाचा शब्द. तेच ऊन बाईच्या चेहऱ्यावर पडलं की ती ‘काळवंडते’, ‘करपते’. आता दोघांनाही ‘टॅन’ होतं. शब्द आला तो एकटा आला नाही, ‘काढून टाकायची’ क्रिया बरोबर घेऊन आला. रापणं कुणी काढून टाकत नव्हतं. दुसरा शब्द ‘वांग’. आमच्या आज्या दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर पसरणाऱ्या तपकिरी डागांना बरोबर वांग म्हणायच्या आणि बाळंतपणानंतर ते येतं हेही सांगायच्या. डॉक्टर त्याला मेलाज्मा म्हणतात. सदरात मात्र वांग नाही, मुरुमाचे डाग नाहीत, ॲलर्जीचे नाहीत. सगळ्यांना मिळून एकच ‘पिग्मेंटेशन’. चार आजारांचं एक नाव केलं की चार औषधांच्या जागी एक ट्यूब विकता येते.

१९७५ हे साल मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. संयुक्त राष्ट्रसंघाचं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी हिंदुस्थान लीव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली. त्याच वर्षी अमेरिकेत फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञाने कातडीचे प्रकार पाडले. कशासाठी, तर सोरायसिसच्या रोग्यांना औषध देऊन वर अतिनील किरणांचा उपचार करताना किरण किती द्यायचे हे ठरवण्यासाठी. प्रश्न एवढाच होता, की उन्हात ही कातडी भाजते की रापते. मुळात तो हिशेब गोऱ्या लोकांचाच होता. तपकिरी आणि काळ्या कातडीचे प्रकार मागाहून जोडले, आणि आपण बहुतेक जण त्या मागाहून जोडलेल्या किंवा त्याच्या लगतच्या रांगेत बसतो. आणि त्याच वर्षी क्लिगमन आणि विलिस या दोघांनी कातडीचा रंग उतरवणारं एक मिश्रण प्रसिद्ध केलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. हा क्लिगमन म्हणजे फिलाडेल्फियाच्या तुरुंगात कैद्यांच्या अंगावर वर्षानुवर्षं प्रयोग केल्याबद्दल पुढे बदनाम झालेला डॉक्टर. एक जाहिरात, एक मोजपट्टी, एक औषध. सदरं लिहिणाऱ्यांनी मोजपट्टी सोडून दिली, कारण ती उन्हाबद्दल बोलत होती. जाहिरात उचलली. औषध आपोआप मागून आलं, त्याकडे पुढे येते.

जाहिरातीचं कथानक सगळ्यांना पाठ आहे. सावळी मुलगी, नोकरी नाही किंवा स्थळ नाही, बाप खिन्न; ट्यूब; उजळ मुलगी, नोकरी, बाप प्रसन्न. कथा म्हणून तपासली तर यात नायिकाच नाही. मुलीनं काही केलेलं नसतं. शिकली नाही, भांडली नाही, ठरवलं नाही. तिला काही तरी लावलं गेलं, एवढंच. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं तक्रारी केल्या आणि २००३ साली सरकारनं त्यातल्या दोन जाहिराती थांबवायला लावल्या. २०१४ मध्ये जाहिरातदारांच्या स्वतःच्या मानक परिषदेनं नियम केला, की सावळ्या व्यक्तीला दुःखी, निराश, अयशस्वी दाखवायचं नाही. २०२० मध्ये ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. मी याला सुधारणा म्हणायला तयार आहे, पण ती संपादनातली सुधारणा आहे. एक विशेषण बदललं. मराठी पानांत तर ‘उजळ’ हा शब्द आधीपासून तयारच होता. तो ‘फेअर’चंही काम करत होता, आता ‘ग्लो’चंही करतो.

सनस्क्रीनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण ती मुळात खरी वस्तू आहे. ऑस्ट्रेलियात १९८१ साली व्हिक्टोरिया राज्याच्या कर्करोग संस्थेनं एक मोहीम काढली, ती जगभर गाजली. मुलांनाही पाठ होईल अशी तीन कामं सांगितली होती. आधी अंगात सदरा घाला, मग क्रीम लावा, मग टोपी घाला. तिथं गोरी कातडी, कडक ऊन आणि कातडीचा कर्करोग हा जिवाचा प्रश्न. आपल्या कातडीत रंगद्रव्य जास्त, म्हणून तो कर्करोग आपल्यात फार कमी. तेव्हा तिथली ट्यूब इथं विकायची तर भीती दुसरी हवी. ती शोधायला लांब जावं लागलं नाही. तिथं जे क्रीम जीव वाचवायला लावतात ते इथं स्थळ वाचवायला लावतात. त्या तीन कामांतलं पहिलं, म्हणजे सदरा, आपल्या सदरातून तर पार गळालं. सदरा कोण विकणार?

आणि सदरा कुणाच्या अंगावर असतो? उसाच्या आणि तंबाखूच्या शिवारात भांगलायला जाणाऱ्या बायकांच्या. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल गुंडाळून त्याचं टोक कानावरून खाली. उन्हापासून जपायचा याच्याइतका पक्का उपाय कुठल्याही ट्यूबमध्ये नाही. दाट विणीचं कापड घामानं वाहून जात नाही, दोन तासांनी परत लावावं लागत नाही. पण या वेषाचा फोटो मी कुठल्याही सौंदर्यसदरात पाहिलेला नाही. गाडीवरून जाणाऱ्या शहरातल्या मुलींचा सनकोट आणि डोळे सोडून बाकी सगळं झाकणारा स्कार्फ ही त्याच शर्टाची शिकलेली धाकटी बहीण. तिची लोक थट्टा करतात, मला मात्र त्यात शहाणपण दिसतं.

सनस्क्रीन कुणाला हवंच, तर वांग असणारीला. तिच्यासाठी ते औषधाइतकंच महत्त्वाचं. मग खोक्यावरचा मजकूर तिला काय सांगतो? मोठा आकडा. तीस, पन्नास. हा आकडा मुख्यतः भाजणाऱ्या किरणांचा. तीसवालं त्यातले सुमारे ९७ टक्के अडवतं, पन्नासवालं ९८. आकडा वीसनं वाढला, फरक एका टक्क्याचा, किंमत मात्र टक्क्यानं वाढत नाही. डाग गडद करण्यात ज्यांचा मोठा हात असतो ते लांब लहरींचे किरण खिडकीच्या काचेतून आत येतात. त्यासाठी ‘पीए’ आणि पुढच्या अधिकच्या खुणा बघायच्या असतात. आणि आपल्यासारख्या कातडीवरचं वांग नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानंही वाढतं. पांढरं, पारदर्शक क्रीम तो अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेलं, मातकट रंगाचं, चेहऱ्याच्या रंगात मिसळणारं क्रीम अडवतं. म्हणजे सावळ्या बाईला जे क्रीम खरं उपयोगी ते सावळं असतं. आणि आपण दुकानात कुठलं मागतो? जे लावल्यावर चेहरा पांढुरका दिसतो ते.

मापाबद्दल तर कुणीच बोलत नाही. चेहरा आणि मान यांना दोन बोटांवर पूर्ण रेघ ओढता येईल एवढं क्रीम लागतं. घराबाहेर असलं तर दर दोन तासांनी. दिवसातून दोन-तीनदा असं लावलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब तीन-चार आठवड्यांत संपते. आमच्याकडे एक ट्यूब दोन जावा आणि एक नणंद मिळून वर्षभर पुरवतात, समारंभाला जाताना तेवढी लावतात, आणि “काही उपयोग होत नाही बाई” म्हणतात. उपयोग होणार कसा? एवढ्या खर्चापेक्षा छत्री, पदर आणि अकरा ते चारच्या उन्हात बाहेरची कामं न काढणं परवडतं. ज्यांना ते जमतं त्यांना.

आता त्या औषधाकडे. माझ्या चुलत नणंदेच्या मुलीला पहिल्या बाळंतपणानंतर वांग आलं. ते येतं, गरोदरपणातल्या, गोळ्यांतल्या संप्रेरकांनी येतं, घराण्यात असलं तर जास्त, उन्हानं वाढतं. सासरी कुणी तरी बोललं असावं. औषधाच्या दुकानात गेली, “डागाला काही तरी द्या” म्हणाली, दुकानदारानं एक लहान ट्यूब दिली. पंधरा दिवसांनी एका लग्नात भेटली तेव्हा चेहरा खरंच गोरा, तुकतुकीत दिसत होता. “मामी, बघा की, केवढा फरक पडलाय!” म्हणाली. तिच्या बरोबरीच्या चौघीजणींनी तिथंच नाव लिहून घेतलं. सात-आठ महिन्यांनी आली तेव्हा गाल लाल, कातडी पातळ, खालच्या शिरा दिसाव्यात अशी, हनुवटीवर लव वाढलेली, बारीक पुटकुळ्या. सकाळच्या कोवळ्या उन्हातसुद्धा तोंड भाजायचं. “बंद केलं की जास्तच होतंय हो मामी, म्हणून लावते,” हे ती खाली बघून म्हणाली.

ट्यूब मी मागून घेतली. चष्मा लावून वाचावी अशा अक्षरांत, इंग्रजीत, तिथं लिहिलं होतं: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. क्लिगमनच्या मिश्रणाचीच नात, स्टिरॉइड तेवढं बदललेलं. यातलं ट्रेटिनॉइन गरोदर बाईनं वापरायचं नसतं, आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं डॉक्टरला न विचारता लावायचं नसतं. बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतं. हे औषध मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. वांगावर तज्ज्ञ डॉक्टर ते देतात, थोडे आठवडे, नजरेखाली, आणि वर सनस्क्रीन सक्तीचं. पण स्टिरॉइड चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलं की असंच होतं, आणि हे इतक्या बायकांचं झालं की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्या चेहऱ्याला वेगळं नावच दिलं, ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर काही जणींना निळसर-काळी छटा येते, ती जवळजवळ कायमची. २०१८ साली चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा सरकारी आदेश निघाला. ट्यूबवर तशी ओळही असते. दुकानात चिठ्ठी कोण मागतं ते तुम्हाला माहीत आहे.

इथं मला आमच्याच बायकांविषयी एक बोलायचं आहे. खोक्यावरचा मजकूर वाचायची सवय आम्हा जैनांना इतरांपेक्षा जास्त. बिस्किटाच्या पुड्यावर, साबणावर, लिपस्टिकवर हिरवा ठिपका आहे का, जिलेटिन नाही ना, मधमाश्यांचं मेण नाही ना, हे आम्ही दुकानदाराला उभं करून तपासतो. भाचीनंही ती ट्यूब तपासली होती. तिच्यात प्राणिज काही नव्हतं म्हणून तिनं घेतली. जीव वाचवण्यासाठी वाचायला शिकलेली बाई स्वतःचं तोंड वाचवण्यासाठी तीच ट्यूब उलटून वाचत नाही, ही गोष्ट मला लागली. भाचीला त्वचेच्या डॉक्टरांनी हळूहळू त्यातून बाहेर काढलं. लाली उतरायला वर्षाहून अधिक लागलं. वांग अजून आहे, पूर्वीइतकंच.

टिकलीचं दोन ओळींत सांगते. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदात असलेल्या एका रसायनानं काही बायकांच्या कपाळावर, अगदी टिकलीएवढा, पांढरा डाग पडतो. लोकांना कोड वाटतं, आणि मुलीचं लग्न व्हायचं असलं तर पुढचं सांगायला नको. वेळेवर टिकली बदलली, डॉक्टरला दाखवलं तर रंग परत येण्याची शक्यता असते. पण डाग लपवायला आणखी मोठी टिकली लावतात. हे कुठल्या सदरात वाचलंय कुणी?

तिसरा मजकूर वधू-वर परिचय पुस्तिकेचा. त्यात एक रकाना असतो: वर्ण. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. चौथा शब्द क्वचितच छापलेला दिसतो. सगळा समाज गव्हाळवर येऊन थांबलेला आहे. ‘अपेक्षा’ या रकान्यात मात्र ‘गोरी’ लिहायला कुणाचा हात अडखळत नाही. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर बहुधा भगवंतांचं चित्र असतं, म्हणून मला तिथूनच विचारावंसं वाटतं. चोवीस तीर्थंकरांचे वर्ण आपण पूजेत म्हणतो. सोळा सुवर्णवर्णाचे, दोन श्वेत, दोन रक्त, दोन हरित, आणि मुनिसुव्रत व नेमिनाथ श्याम. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीत, १२०४ साली बांधलेल्या, नेमिनाथांची काळ्या पाषाणाची मूर्ती आहे. तिच्यापुढे आपण अर्घ्य चढवतो आणि घरी येऊन फॉर्मवर गोरी लिहितो. खरं तर आमच्या दख्खनच्या दगडानं बहुतेक सगळ्याच तीर्थंकरांना काळं केलंय, हिरव्या वर्णाच्या पार्श्वनाथांनासुद्धा, आणि आठशे वर्षांत कुणाच्या भक्तीत उणं पडलं नाही. अलीकडे नवी मंदिरं होतात त्यांत मी संगमरवरी, शुभ्र नेमिनाथ पाहिले. दाता म्हणाला, “असं प्रसन्न वाटतं.” तेच वाक्य, तोच शब्द, ट्यूबच्या जाहिरातीतल्या बापाचा.

शास्त्राचं म्हणाल तर शरीराचा वर्ण हे नामकर्माचं काम. कृष्ण, नील, रक्त, पीत, श्वेत असे पाच वर्ण तिथं सांगितलेत. शास्त्रकार वर्ण प्रशस्त आणि अप्रशस्त दोन्ही मोजतात, ते लपवून मला वाद जिंकायचा नाही. पण नामकर्म अघाती आहे; आत्म्याच्या ज्ञानदर्शनाला ते धक्का लावत नाही. लेश्यांच्या बाबतीतही द्रव्यलेश्या, म्हणजे शरीराचा रंग, वेगळी आणि भावलेश्या, म्हणजे परिणामांचा रंग, वेगळी असं गोम्मटसारात स्पष्ट आहे. काळ्या कातडीच्या जिवाची भावलेश्या शुक्ल असू शकते, आणि उलटही. पाठशाळेत हे शिकलेली मुलं मोठी होऊन पुस्तिका काढतात.

आणि माताजी. आर्यिका अनवाणी विहार करतात. एक पांढरी साडी, छत्री नाही, स्नान नाही, कुठलं क्रीम नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दिवसाला कितीतरी मैल. चातुर्मासाला येतात तेव्हा त्यांचा चेहरा, हात, पावलं गडद झालेली असतात. बायका पाया पडून उठताना म्हणतात, “तपाचं तेज बघा.” मलाही ते दिसतं, खोटं नाही. पण तोच रंग घेऊन शेतातून सून आली की तेजाचं नाव कुणी काढत नाही.

गेल्या साली पुस्तिकेच्या मंडळात मी ‘वर्ण’ हा रकाना गाळावा असं सुचवलं. एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे सांगितलं, “ताई, रकाना काढला तर लोक फोन करून विचारतील.” मी म्हटलं, विचारू देत. ज्याला विचारायचं त्याला ते स्वतःच्या तोंडानं विचारावं लागेल, आणि मुलीकडच्यांना उत्तर काय द्यायचं ते ठरवता येईल. आज आपण न विचारताच छापून देतो. चर्चा बरीच झाली. दोघी-तिघी बायका माझ्या बाजूनं बोलल्या, त्यांत एक सावळी नव्हती. यंदाची पुस्तिका दिवाळीनंतर छापायला जायची आहे. रकान्याचा निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवलाय.